चाळीस विद्यार्थी, पण कंपनी कुठाय? ऑनलाइन भाषाशिक्षिकेच्या स्पॅनिश व्हिसाचं एक प्रकरण

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे 'जर्मनवाल्या मॅडम' म्हणतात, म्हणून इथेही तेच म्हणतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि छापण्याआधी सगळा मजकूर त्यांना वाचून दाखवला आहे. मी पुण्यात सीए आहे. व्हिसाचा सल्लागार नाही, वकील तर नाहीच. बँक स्टेटमेंटवर सही-शिक्का हवा म्हणून त्या मार्च २०२४ मध्ये आल्या, आणि पुढचं वर्षभर ती फाईल माझ्या टेबलावरून हलली नाही. यात माझीही एक चूक आहे. ती पुढे येईलच.

पार्श्वभूमी

मॅडम तेव्हा छत्तिशीच्या होत्या. पुणे विद्यापीठातून जर्मनमध्ये एमए, मॅक्स म्युलर भवनातून सी-वन या वरच्या पातळीपर्यंतच्या परीक्षा, मग एका खासगी क्लासात नोकरी. २०२० च्या टाळेबंदीत क्लास बंद पडला आणि त्या ऑनलाइन शिकवायला लागल्या. चार वर्षांत बस्तान चांगलं बसलं. पैसे तीन ठिकाणांहून येत. सगळ्यात मोठा वाटा एका परदेशी शिकवणी प्लॅटफॉर्मचा, वर्षाला साधारण २० लाख. जर्मनीतली एक छोटी भाषा-प्रशिक्षण कंपनी तिच्या गिऱ्हाईक-कारखान्यांतल्या लोकांना यांच्याकडून बिझनेस इंग्लिश शिकवून घ्यायची, तिचे साडेपाच लाख. आणि जर्मनीला निघालेल्या नर्सेसची एक बॅच, तिचे चार लाख.

आकडे ऐकायला छान. पण घड्याळाकडे बघा. जर्मन माणूस कामावरून घरी येतो, काहीतरी खातो आणि सहा-साडेसहाला तासाला बसतो. आपण उन्हाळ्यात त्यांच्या साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. तिकडे रात्री नऊला संपणारा तास जानेवारीत इथे दीडला संपतो. क्लास चालायचा स्वयंपाकघरात, कारण घरात दार लावून बसता येईल अशी तेवढीच जागा. ओट्याशेजारी घडीचं टेबल आणि फ्रिज दिसू नये म्हणून मागे पांढरा पडदा. फ्रिजचा कॉम्प्रेसर घरघरायला लागला की त्या स्वतःला म्यूट करायच्या आणि विद्यार्थ्याला एखादं लांब वाक्य वाचायला लावायच्या. सकाळी सहाला मुलाचा डबा. नवरा चाकणला कारखान्यात, शिफ्ट ड्युटी.

स्पेन या घरात आलं ते हौसेनं नाही, झोपेसाठी आलं. माद्रिद आणि बर्लिनचं घड्याळ एकच. मॅडमना स्पॅनिश जुजबी येत होतं. डिसेंबर २०२२ मध्ये स्पेननं स्टार्टअप कायदा केला, कायदा क्रमांक २८/२०२२, आणि त्यात दुसऱ्या देशातल्या कंपन्यांसाठी स्पेनमध्ये बसून काम करणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा आला. लोक त्याला डिजिटल नोमॅड व्हिसा म्हणतात. नवरा आणि मुलगा सोबत येऊ शकतात आणि नवऱ्याला तिथे नोकरीही करता येते, ही त्यातली मोठी जमेची बाजू.

अटी थोडक्यात अशा. पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव. स्पेनच्या किमान वेतनाच्या दुप्पट उत्पन्न. सोबत कुटुंब असेल तर पहिल्या माणसामागे किमान वेतनाच्या आणखी ७५ टक्के, पुढच्या प्रत्येकामागे २५ टक्के. स्पेनबाहेरच्या कंपनीशी किमान तीन महिन्यांचे व्यावसायिक संबंध आणि ती कंपनी किमान वर्षभर चालू असलेली. फ्रीलान्सर स्पेनमधल्या गिऱ्हाइकांचं कामही करू शकतो, पण एकूण कामाच्या २० टक्क्यांपर्यंतच. गुन्हा नसल्याचा दाखला, स्पेनमध्ये परवानगी असलेल्या कंपनीचा आरोग्य विमा आणि सामाजिक सुरक्षेची, म्हणजे पेन्शन-विम्याच्या सरकारी हप्त्यांची, सोय.

या यादीत 'कंपनी' हा शब्द किती वेळा येतो ते आम्ही दोघांनीही पहिल्या वाचनात मोजलं नाही.

अडचण

२०२४ साली स्पेनचं किमान वेतन महिना १,१३४ युरो होतं, पण वर्षाला १४ हप्त्यांनी. बारा महिन्यांवर पसरून दुप्पट केलं की महिना २,६४६ युरो होतात. ९० च्या भावानं दोन लाख अडतीस हजार रुपये. मॅडमची जमा सरासरी दोन लाख पंचेचाळीसच्या घरात. बसतंय, असं मी म्हणालो.

एका एजंटाच्या सांगण्यावरून जून २०२४ मध्ये एकटीचा अर्ज केला. प्लॅटफॉर्मवरून डाउनलोड केलेली वर्षभराची कमाईची पत्रकं, बँक स्टेटमेंट, जर्मन कंपनीची काही बिलं, पदवी, पोलिसांचा दाखला, विमा. आणि माझ्या सांगण्यावरून आयकर रिटर्न.

दोन आठवड्यांनी पुरवणी कागद मागणारं पत्र आलं. त्यात मुख्य मागण्या दोन. प्लॅटफॉर्म कंपनीचं पत्र द्या: ही व्यक्ती आमच्यासाठी कधीपासून काम करते, स्पेनमधून काम करायला आमची हरकत नाही. आणि उत्पन्नाच्या आकड्यांत तफावत का, ते सांगा.

पहिल्या मागणीवर प्लॅटफॉर्मच्या मदत-कक्षाचं ठरीव उत्तर आलं. शिक्षक आमच्यासाठी काम करत नाहीत. व्यवहार शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातला आहे, आम्ही फक्त जागा पुरवतो आणि कमिशन घेतो. असं पत्र आम्ही देत नाही. मी त्यांच्या अटी पहिल्यांदा नीट वाचल्या. खरंच तसं लिहिलं होतं. म्हणजे वीस लाखांच्या मागे कंपनी नव्हती. होती ती चाळीसेक माणसं. स्टुटगार्टचा दातांचा डॉक्टर, बॉस्टनमधली निवृत्त शिक्षिका, बार्सिलोनातले दोन विद्यार्थी, असे.

मॅडमनी पिशवीतून लाँगबुक काढलं. प्रत्येक विद्यार्थ्याचं एक पान. तारीख, किती वेळ, काय शिकवलं, कुठे अडला, गृहपाठ. चार वर्षांची पाच लाँगबुकं होती. "ही जोडता येतील का?" त्यांनी विचारलं. कामाचा याहून प्रामाणिक पुरावा मी तरी पाहिलेला नाही. अर्जाला त्याचा उपयोग शून्य.

दुसरी मागणी माझ्यामुळे आली होती. मॅडमची आधीची रिटर्न्स एका नातेवाइकानं भरली होती, कलम ४४एडीए खाली. या कलमात जमेच्या ५० टक्के रक्कम नफा धरून कर भरायचा, हिशेबाच्या वह्या ठेवायच्या नाहीत. सोय चांगली, पण ती ठरावीक व्यवसायांसाठी आहे: वकील, डॉक्टर, अभियंते, सीए वगैरे. शिकवणी त्या यादीत नाही. ते बाजूला ठेवलं तरी कागदावर चित्र असं दिसत होतं की रिटर्नच्या वर्षी बँकेत २७ लाख जमा आणि रिटर्नमध्ये साडेतेरा लाख उत्पन्न. म्हणजे महिन्याला जेमतेम साडेबाराशे युरो, किमान अटीच्या निम्म्याहून कमी. आपल्याकडचा बँक मॅनेजर हे एका नजरेत ओळखतो. मुंबईतल्या वकिलातीच्या खिडकीपलीकडच्या माणसाला भारतीय आयकराची कलमं का माहीत असावीत? यादीत आयकर रिटर्न मागितलेलंच नव्हतं. कर्जाच्या फाईलीला लावतो तसं मी सवयीनं लावलं.

ऑगस्टमध्ये नकार आला. कंपनीशी व्यावसायिक संबंध सिद्ध होत नाहीत, असा त्याचा मथितार्थ.

समोरचे पर्याय

फेरविचाराचा अर्ज एका महिन्यात करता येत होता. तो लगेच बाजूला ठेवला. चूक त्यांची नव्हती. जे पत्र आमच्याकडे नव्हतं ते फेरविचारातही नसणार होतं.

एजंटानं दुसरी वाट सुचवली. पर्यटक म्हणून शेंगेन व्हिसावर जा आणि तिथे पोचल्यावर आतूनच अर्ज करा. कायद्यात ही वाट आहे, आणि आतून अर्ज मंजूर झाला तर वर्षाऐवजी तीन वर्षांचा परवाना मिळतो. अमेरिकन माणसाला ती सरळ आहे, त्याला स्पेनमध्ये उतरायला व्हिसा लागत नाही. भारतीय पासपोर्टवर त्यासाठी आधी वकिलातीला 'फिरायला चाललोय' असं सांगावं लागतं, तेही त्याच वकिलातीला, जिनं महिन्यापूर्वी राहायला जाण्याचा अर्ज नाकारलाय. मी स्पष्ट नको म्हणालो. मॅडम त्या रात्री झोपल्या नाहीत, पण सकाळी त्यांचाही निरोप तोच होता.

दुसऱ्या देशांचा विचार झाला. पोर्तुगालचा असाच व्हिसा तिथल्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न मागतो, २०२४ मध्ये ३,२८० युरो. आवाक्याबाहेर. थायलंडनं जुलै २०२४ मध्ये पाच वर्षांचा नवा व्हिसा काढला होता. त्याला उत्पन्नाची कटकट नाही, खात्यात पाच लाख बात दाखवले की काम भागतं. पण बँकॉक आपल्याही दीड तास पुढे. झोपेसाठी निघालेल्या बाईनं पूर्वेला जाऊन काय करायचं?

खरा तुल्यबळ पर्याय होता जर्मनी. शिकवणं तिथे 'मुक्त व्यवसाय' धरलं जातं, स्वतंत्र व्यावसायिकाला निवासी परवाना मिळतो, विद्यार्थीही तिकडचेच. भाषा तर येतेच. मग स्पेन कशाला, हे मी दोनदा विचारलं. मॅडमकडे दोन कारणं होती आणि दोन्ही अभ्यासाची. एक, जर्मनीत स्वतंत्र शिक्षकाला सरकारी पेन्शन विमा सक्तीचा आहे आणि त्याचा १८.६ टक्के हप्ता पूर्ण त्यानंच भरायचा, कारण दुसरा अर्धा भरणारा मालकच नसतो. दोन, जून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयानं हेरेनबर्ग गावच्या संगीत शाळेतली एक पियानो शिक्षिका फ्रीलान्सर नसून कर्मचारीच आहे, असा निकाल दिला. तेव्हापासून तिथल्या भाषाशाळा फ्रीलान्स शिक्षकांना काम देताना दचकतात. उद्या मागच्या वर्षांचे विमाहप्ते आपल्याकडून वसूल होतील ही भीती. मॅडमच्या जर्मन मैत्रिणींचे तास त्यामुळे कमी झाले होते.

पटण्यासारखं होतं. तरी मनात थोडी शंका राहिली, ती अजून आहे.

उरला शेवटचा मार्ग. स्पेनसाठीच पुन्हा अर्ज करायचा, पण आधी कामाचा साचा बदलून. चाळीस माणसांकडून येणारं उत्पन्न एका कंपनीकडून येईल असं करायचं आणि त्यानंतर तीन महिने थांबायचं.

करार

जर्मन कंपनीची मालकीण मॅडमच्या कामावर खूश होती. आठवड्याला चार तास होते, ते २० करायला ती तयार झाली. तासाचा दर ३४ युरो. प्लॅटफॉर्मवर कमिशन कापून जे हातात पडायचं त्याहून बरा. आठवड्याला ६८० युरो, महिन्याला सरासरी २,९४०. मॅडम पेढे घेऊन आल्या.

मी मागच्या तीन वर्षांची बँक स्टेटमेंटं समोर घेतली. दर ऑगस्टला खड्डा, दर डिसेंबरला खड्डा. जर्मन कारखाने नाताळात दोन आठवडे बंद. तासावर बिल केलं तर डिसेंबरचं बिल सतराशे-अठराशेचं निघणार, आणि जानेवारीत अर्ज करताना फाईलीत सगळ्यात वर तेच असणार. अट महिन्याची आहे, सरासरीची नाही, असं धरूनच चालणं शहाणपणाचं.

म्हणून आम्ही ठरावीक मासिक मानधन मागितलं. ते मात्र कंपनीच्या वकिलानं हाणून पाडलं. दर महिन्याला ठरावीक रक्कम, ठरावीक तास, एकच शिक्षक: हे पगारासारखं दिसतं आणि हेरेनबर्गनंतर तसं दिसणं त्यांना परवडणारं नव्हतं. मॅडम जर्मनीत राहणारच नाहीत हे सांगूनही त्याची भीती जाईना. दोन आठवडे ईमेल चालले. प्रकरणाचा निकाल खरं तर याच दोन आठवड्यांत लागला, वकिलातीत नंतर फक्त शिक्का बसला.

तोडगा असा निघाला. करार तासांच्या वार्षिक साठ्याचा. वर्षाला १,०४० तास, दर ३४ युरो, एकूण ३५,३६० युरो. बिल बारा समान हप्त्यांत, प्रत्येकी २,९४६ युरो आणि वर काही सेंट. कमी-जास्त झालेल्या तासांचा हिशेब वर्षअखेरीस. वेळापत्रक मॅडमनी ठरवायचं, त्यांना बदली शिक्षक देता येईल, इतर गिऱ्हाइकं घेता येतील. वकिलाला स्वतंत्र व्यावसायिकाच्या खुणा मिळाल्या, आम्हाला सपाट रेषा. काम कुठल्याही देशातून, स्पेनसह, करायला कंपनीची हरकत नाही, असं एक कलम स्पेनचं नाव घेऊन घातलं. करार १ सप्टेंबरपासून.

कंपनी वर्षाहून जुनी असल्याचा पुरावा सगळ्यात सोपा निघाला. जर्मनीची व्यापार नोंदवही २०२२ पासून इंटरनेटवर फुकट उघडी आहे. उतारा पाच मिनिटांत उतरवून घेतला.

इकडचं आवरणं

तीन महिने नुसते थांबलो नाही. आधी जीएसटी. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते, आणि त्या उलाढालीत निर्यातही धरतात. ऑनलाइन शिकवणाऱ्या बहुतेकांना वाटतं की पैसे परदेशातून येतात म्हणजे जीएसटीचा संबंध नाही. गंमत अशी, की स्पेनच्या अटीत बसणाऱ्या माणसाची वर्षाची जमा २८ लाखांच्या पुढेच असते. म्हणजे भारतात बसून ते उत्पन्न कमावणारा प्रत्येक शिक्षक जीएसटीच्या रेषेपलीकडे आधीच गेलेला असतो. नोंदणी केली, निर्यात शून्य दरानं दाखवता यावी म्हणून एलयूटी हे हमीपत्र भरलं, आणि नर्सेसच्या बॅचवरचा १८ टक्के कर मागच्या काळाच्या व्याजासकट मॅडमनी खिशातून भरला. ती फी नर्सेसकडून करासकट घेतलेलीच नव्हती, मागणार कुणाकडे? तो धनादेश लिहिताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

नवं रिटर्न नियमित हिशेबावर भरलं. जमा, कमिशन, इंटरनेट, लॅपटॉपचा घसारा, सगळं मांडून. ते अर्जाला जोडलं नाही. विचारलं तर देण्यासाठी तयार ठेवलं.

मग नावाचा घोळ. आपल्याकडे बाईच्या कागदांवर दोन नावं असतातच. पदवीवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, बँकेत आद्याक्षरं. स्पॅनिश अर्जात पहिलं आडनाव आणि दुसरं आडनाव असे दोन रकाने. स्पेनच्या परराष्ट्र खात्यानं मान्यता दिलेल्या अनुवादकाकडून कागद स्पॅनिशमध्ये करून घ्यावे लागतात. त्या अनुवादकानं पदवीपत्रात मॅडमच्या वडिलांचं नाव दुसरं आडनाव म्हणून टाकलं आणि पोलिसांच्या दाखल्यात नवऱ्याचं. स्पॅनिशमधून वाचलं तर या दोन वेगळ्या बायका. पहिल्या अर्जात हे असंच गेलं होतं, कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. या वेळी विवाह नोंदणीचा दाखला आणि 'या सर्व नावांची व्यक्ती मी एकच' असं प्रतिज्ञापत्र, दोन्हींना अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मारायचा सरकारी शिक्का) करून लावलं आणि अनुवादकाला मधलं नाव नावाच्याच रकान्यात ठेवायला सांगितलं.

पोलिसांचा दाखला पुन्हा काढावा लागला, जुना शिळा झाला होता. पुन्हा पासपोर्ट कार्यालय, पुन्हा परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल, पुन्हा अनुवाद. घाईनं केलेल्या पहिल्या अर्जाची ही किंमत.

सामाजिक सुरक्षेबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. भारताचा जर्मनी, फ्रान्स, पोर्तुगाल यांच्याशी त्याबाबतचा करार आहे, स्पेनशी नाही. त्यामुळे इथला दाखला तिथे चालत नाही. स्पेनमध्ये पोचल्यावर स्वयंरोजगारी म्हणून तिथल्या सामाजिक सुरक्षेत नोंदणी करीन, असं लिहून द्यावं लागतं. नव्या नोंदणीला तेव्हा पहिलं वर्ष महिना ८० युरोंचा सवलतीचा हप्ता होता. ज्या २४ टक्के सपाट कराची जाहिरात एजंट करतात तो मुळात नोकरदारांसाठी. फ्रीलान्सरनं तो हिशेबात धरू नये.

एकटी की सगळे?

तिघांचा अर्ज करायचा तर किमान वेतनाच्या तिप्पट लागणार होतं, महिना ३,९६९ युरो. करारात ते बसत नव्हतं. नवऱ्याच्या पगाराची जोड दाखवली असती, पण तो नोकरी सोडून येणार आणि त्याच नोकरीचा पगार दाखवणार, हे कसं जमावं?

हा निर्णय माझ्या टेबलावर झाला नाही. मला फक्त त्याची बातमी मिळाली. मुलगा दुसरीत होता. आजी-आजोबा घरात होते. सासूबाई काय म्हणतील याची मॅडमना धास्ती. त्यांनी म्हणे एवढंच विचारलं, "तिकडे रात्रीची झोपशील ना गं?"

मॅडमनी शहरही बदललं. आधी व्हॅलेन्सिया ठरलं होतं. २९ ऑक्टोबर २०२४ च्या पुरात त्या शहराच्या दक्षिणेची उपनगरं उद्ध्वस्त झाली आणि भाड्याची घरं मिळेनाशी झाली. अलिकांते ठरलं.

निकाल

अर्ज जानेवारी २०२५ च्या शेवटी दिला, मुंबईला, पुन्हा एकटीचा. सप्टेंबर ते डिसेंबरची चार सारखी बिलं, चार सारख्या जमा, करार, कंपनीचं पत्र, नोंदवहीचा उतारा. प्लॅटफॉर्मची कमाई एका पानावर, 'इतर उत्पन्न' म्हणून. बार्सिलोनाचे विद्यार्थी त्यात होते, २० टक्क्यांच्या कितीतरी आत.

आणि फेब्रुवारीत स्पेननं किमान वेतन वाढवलं. १,१३४ चं १,१८४, तेही १ जानेवारीपासून लागू. अट २,६४६ वरून २,७६३ युरोंवर गेली, आमचा अर्ज आत पडलेला असताना. करार करताना मालकीण म्हणाली होती की १,०४० कशाला, ९४० तासांतही तुमची अट पुरी होते. होत होती, जुन्या आकड्यानं. नव्या आकड्यानं ९४० तासांचे महिना २,६६३ युरो आले असते आणि शंभर युरोंसाठी सगळं पाण्यात गेलं असतं. जास्तीचे शंभर तास मी केवळ सीएच्या भित्र्या स्वभावानं मागितले होते. दूरदृष्टी वगैरे काही नव्हती.

पुरवणी कागद या वेळीही मागितले, पण एकच: विम्याच्या पॉलिसीचं शर्तींचं पान. मार्चअखेर एक वर्षाचा व्हिसा लागला. मे महिन्यात मॅडम गेल्या.

आज करायचं झालं तर

पहिला अर्ज करायलाच नको होता. प्लॅटफॉर्मच्या अटी आम्ही जूनमध्ये वाचायला हव्या होत्या, नकारानंतर नाही. ते अर्ध्या तासाचं काम होतं. त्यापायी दुबार दाखले, दुबार अनुवाद आणि कागदोपत्री कायम राहणारा एक नकार पदरी पडला.

न मागितलेला कागद मी लावणार नाही. आयकर रिटर्नची ती एक प्रत आम्हाला तफावतीच्या प्रश्नात घेऊन गेली.

करार एकाच कंपनीशी करण्याचा धोका तेव्हा मी नीट मांडला नाही. आज ती कंपनी बुडाली किंवा घाबरली तर व्हिसाचा पायाच जातो. चाळीस विद्यार्थ्यांतले दहा गेले तरी मॅडमचं पूर्वी काही बिघडत नव्हतं. व्हिसासाठी त्यांनी पक्का धंदा कच्चा करून घेतला, असं मला कधीकधी वाटतं. दोन छोट्या कंपन्यांशी अर्धे-अर्धे करार करता आले असते का, हे आम्ही विचारूनसुद्धा पाहिलं नाही. आणि जर्मनीचा पर्याय एखाद्या तिथल्या वकिलाला तासाभराची फी देऊन तपासायला हवा होता. आम्ही तो मैत्रिणींच्या अनुभवावर सोडून दिला.

व्हिसा संपण्याआधी आतूनच तीन वर्षांच्या परवान्यासाठी अर्ज करायचा आहे. मॅडमना त्या वेळी नवरा आणि मुलालाही घ्यायचंय. २०२५ च्या आकड्यानं तिघांचे होतात महिना ४,१४४ युरो. ३४ च्या दरानं ते वर्षाला १,४६३ तास, म्हणजे आठवड्याला २८. मालकीण तयार आहे, वकिलाचं उत्तर यायचंय. "जमेल की, आता रात्री नऊला मोकळी असते," असं मॅडम परवा फोनवर म्हणाल्या. मी त्यांना ऑगस्ट आणि डिसेंबरची आठवण करून दिली आहे.